आयर्लंडची रिकामी होणारी चर्चे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले, "अहो, आयर्लंडातली माणसे रविवारी चर्चला जात नाहीत, त्याचे सोयरसुतक तुम्हांला कशाला? आपल्याकडे तर देवळांपुढच्या रांगा दरवर्षी लांबच होत चालल्या आहेत." प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर देऊनच विषयाला हात घालावा हे बरे.

आयर्लंडशी आमची, म्हणजे महाराष्ट्राची, ओळख जुनी आहे. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. ते 'होमरूल' नाव आयरिश चळवळीचे. योगायोग असा की त्याच महिन्यात, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीवर आयरिश बंडवाल्यांनी आपला झेंडा लावला. स्वदेशीच्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'बॉयकॉट' हा शब्द होता, तोही आयर्लंडातल्या मेयो परगण्यातला. १८८० साली तिथल्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार बंद केले. त्या कारभाऱ्याचे आडनाव बॉयकॉट. पार्नेलची आणि डी व्हॅलेराची नावे एके काळी आपल्याकडच्या शिकलेल्या घरांत घरची असल्यासारखी घेतली जात. इंग्रजांच्या राज्यातून सुटण्यासाठी धडपडणारे ते आपले थोरले भावंड होते. थोरल्या भावंडाच्या घरात पुढे काय झाले, याची चौकशी धाकट्याने करू नये काय?

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या राष्ट्राने आपला धर्म हीच आपली ओळख मानली, तर त्या राष्ट्राचे काय होते आणि त्या धर्माचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर आयर्लंडाइतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल. पहिल्या अर्ध्या भागाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे धर्माचे काय होते याकडे, फारसे कोणी पाहत नाही. आज आम्ही मुख्यतः तेवढेच पाहणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही डब्लिनला होतो. रविवार होता. मुक्कामाजवळच्या एका मोठ्या चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला, वसईचे आपले बांधव जिला मिस्सा म्हणतात तिला, आम्ही जाऊन बसलो. करड्या दगडांची ती भव्य वास्तू हजारभर माणसे सहज सामावून घेईल अशी. आत आम्ही मोजली ती साठ-सत्तर डोकी, आणि त्यांतली बहुतेक पांढरी. पुढच्या दोन-तीन बाकांवर मात्र तरुण जोडपी आणि त्यांची चुळबुळ करणारी मुले होती. ती मंडळी केरळची. नवरा-बायकोंपैकी एक तरी तिथल्या इस्पितळात परिचारिका. आणि वेदीपुढे उभे असलेले धर्मगुरूही आपल्याच देशातले निघाले. उपासना संपल्यावर शेजारच्या वृद्ध बाई आम्हांला म्हणाल्या, "माझ्या लहानपणी उशीर झाला तर दाराबाहेर पावसात उभे राहावे लागे. मला सहा मुले. सगळी चांगली आहेत. एकही येत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांला कमी वाईट वाटले असते.

त्या बाईंच्या लहानपणापासून आजपर्यंत काय घडले, ते प्रथम आकड्यांत सांगतो. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या पाहणीप्रमाणे आयर्लंडातल्या दहा कॅथॉलिकांपैकी नऊ दर आठवड्याला मिस्सेला जात. ख्रिस्ती जगात याला जवळजवळ तोड नव्हती. १९९० च्या सुमारासही हे प्रमाण पाचांत चारांवर होते. आज ते एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे, आणि डब्लिन शहरात तर त्याहून पुष्कळच कमी आहे. शिरगणती पाहा. १९६१ साली लोकसंख्येच्या ९५ टक्के लोकांनी स्वतःला कॅथॉलिक म्हणवले होते. २०१६ साली ७८ टक्क्यांनी, आणि २०२२ साली ६९ टक्क्यांनी. 'कोणताही धर्म नाही' असे सांगणारे १९६१ साली हजाराच्या आसपास होते, ते २०२२ साली सात लाखांवर गेले. एकूण वस्ती एक्कावन्न लाखांची, हे ध्यानात घ्या.

हे पाहून कोणी चटकन म्हणेल, "त्यात नवल काय? माणूस शिकला, सुखवस्तू झाला, की देव विसरतो. विलायतेत सगळीकडे हेच चालले आहे." यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. शेजारच्या इंग्लंडातही चर्चे ओस पडली. तिथे १८५१ साली एका रविवारी सरकारने उपासनेला आलेल्यांची गणती केली, तेव्हाच निम्मा देश घरी बसलेला आढळला आणि बिशप मंडळी हबकली. तिथपासून २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समधले ख्रिस्ती प्रथमच निम्म्याच्या खाली आले, तोपर्यंत १७० वर्षे गेली. म्हणजे तिथे पाणी हळूहळू झिरपून गेले. आयर्लंडात ते काठोकाठ भरून राहिले, आणि मग एका पिढीत बांध फुटल्यासारखे वाहून गेले. शिक्षण आणि सुबत्ता दोन्हीकडे होती. मग हा फरक कशाचा?

हा फरक उमगायचा तर थोडे मागे जायला हवे. आपली अशी समजूत असते की आयरिश माणूस सेंट पॅट्रिकच्या काळापासून दर रविवारी चर्चला जात आला, आणि हल्ली हल्ली बिघडला. इतिहास तसे सांगत नाही. इंग्रजी सत्तेने सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथॉलिकांवर जाचक कायदे लादले. त्यांना जमीन नीट धरता येईना, सरकारी अधिकार मिळेना, शाळा चालवता येईना. उघड्या माळावर एखाद्या शिळेची वेदी करून लोक उपासना करीत. तसल्या शिळा आजही तिथे दाखवतात. १८२९ साली डॅनियल ओकॉनेलच्या चळवळीने कॅथॉलिकांना पार्लमेंटचे दार उघडून दिले. पण तेव्हाही, अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे, खेड्यापाड्यांतले निम्म्याहून कमी लोक दर रविवारी मिस्सेला हजर राहत. तीन हजार माणसांमागे जेमतेम एक धर्मगुरू. लोकांचा धर्म होता तो विहिरींचा, जत्रांचा, नवसांचा आणि मृताच्या घरी रात्र जागवण्याचा. आपल्या खेड्यातल्या माणसाला तो अगदी ओळखीचा वाटला असता.

मग १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ आला. दहा लाखांच्या वर माणसे मेली आणि तितकीच जहाजांत बसून परदेशी गेली. सर्वांत जास्त मेले ते गरीब, आणि गरीब म्हणजे मुख्यतः आयरिश भाषा बोलणारे. उरलेल्यांनी मुलांना इंग्रजी शिकवली, कारण मुलगा आज ना उद्या बोटीत बसणार, हे आईला ठाऊक होते. अशा रीतीने भाषा मागे पडली. जमीन आधीच परक्यांच्या हाती होती आणि राज्य तर कधीच गेले होते. मग इंग्रजापेक्षा आपण निराळे आहोत हे आयरिश माणसाने सांगावे कशाच्या आधारावर? एकच गोष्ट शिल्लक होती. इंग्रज प्रॉटेस्टंट होता, हा कॅथॉलिक होता. नेमक्या त्याच वेळी, १८५० च्या थर्ल्झ येथील धर्मसभेपासून, पॉल कलन नावाच्या करारी धर्माधिकाऱ्याने चर्चची घडी नव्याने बसवायला घेतली. नवी चर्चे उठली. शाळा निघाल्या. शतक संपण्याच्या सुमारास हजाराच्या आतबाहेर माणसांमागे एक धर्मगुरू झाला. घराघरांत जपमाळ आली आणि रविवारची मिस्सा चुकवणे हे पाप तर झालेच, पण त्याहून अधिक म्हणजे ती बेइमानी झाली.

आमच्या म्हणण्याचा हा कणा आहे, म्हणून तो जरा जोर देऊन सांगतो. ती भरलेली चर्चे केवळ भक्तीने भरलेली नव्हती. हरवलेली भाषा, गमावलेली जमीन, दुष्काळाचा घाव आणि परक्यांचे राज्य, या सगळ्यांचे दुःख त्या बाकांवर येऊन बसत होते. देवासाठी येणारे होतेच. पण आपण कोण आहोत हे एकमेकांना सांगण्यासाठी येणारेही तितकेच होते. आणि दोघे एकाच बाकावर गुडघे टेकून बसलेले असल्यामुळे कोण कशासाठी आले आहे, हे ओळखण्याचा उपाय नव्हता. बिशपांनाही नव्हता.

१९२२ साली स्वतंत्र राज्य मिळाले. आता परका गेला. तेव्हा धर्माच्या अंगावरचे हे राष्ट्रीय ओझे उतरवता आले असते. घडले उलटे. १९३२ साली डब्लिनला जागतिक युकॅरिस्ट परिषद भरली. फीनिक्स पार्कच्या मैदानावर सुमारे दहा लाख लोक जमले. तरुण राष्ट्राने जगाला आपले रूप दाखवले ते त्या दिवशी. १९३७ साली डी व्हॅलेरांनी नवी घटना दिली. तिच्या प्रास्ताविकात पवित्र त्रैक्याचे नाव आले आणि ४४ व्या कलमाने कॅथॉलिक चर्चला 'विशेष स्थान' दिले. घटस्फोटाला घटनेनेच बंदी घातली. संततिनियमनाची साधने विकणे १९३५ पासून गुन्हा होता. शाळा, इस्पितळे, अनाथालये बहुतेक चर्चच्या हातात. १५ ऑगस्ट १९५० पासून राष्ट्रीय नभोवाणीवर दररोज दुपारी बारा आणि सायंकाळी सहा वाजता प्रार्थनेच्या घंटा वाजू लागल्या.

राष्ट्राने धर्माची पालखी खांद्यावर घेतली की पालखीत न बसणाऱ्यांचे काय होते, याचे दोन प्रसंग सांगतो. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मरू घातलेल्या आयरिश भाषेसाठी १८९३ साली गेलिक लीग काढणारा हा माणूस प्रॉटेस्टंट होता. १९४९ साली ते वारले. अंत्यविधी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये, म्हणजे प्रॉटेस्टंट देवालयात. कॅथॉलिकाने तिथल्या प्रार्थनेत पाय ठेवायचा नाही, असा चर्चचा नियम. म्हणून देशाचे पंतप्रधान आणि त्यांचे सहकारी बाहेर मोटारीत बसून राहिले. ज्याने राष्ट्राला त्याची भाषा परत देण्यासाठी हाडे झिजवली, त्याच्या शवपेटीपाशी त्याच राष्ट्राचे सरकार जाऊ शकले नाही! आत गेलेला एक कॅथॉलिक मंत्री होता, आरोग्यमंत्री नोएल ब्राउन. दोनच वर्षांनी याच ब्राउनने माता आणि बालके यांना मोफत वैद्यकीय मदत देण्याची योजना मांडली. बिशपांनी विरोध केला, मंत्रिमंडळाने माघार घेतली, आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राउनला राजीनामा द्यावा लागला. जाताना त्याने सगळा पत्रव्यवहार वृत्तपत्रांच्या स्वाधीन केला. लोकांनी तो वाचला. लगेच काही झाले नाही, पण लोक वाचलेले विसरत नसतात.

दुसरा प्रसंग १९५७ सालचा, वेक्सफर्ड परगण्यातल्या फेदर्ड-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावचा. मुलगी कोणत्या शाळेत घालायची यावरून एका मिश्र विवाहातली प्रॉटेस्टंट आई मुलींना घेऊन घर सोडून गेली. त्याबद्दल गावातल्या साऱ्या प्रॉटेस्टंट दुकानदारांवर कॅथॉलिक शेजाऱ्यांनी बहिष्कार घातला. जो बहिष्कार जुलमी जमीनदारीविरुद्ध जन्मला, तो आता कोपऱ्यावरच्या दुकानदारावर चालवला गेला. डी व्हॅलेरांनी त्याचा भर सभागृहात निषेध केला, हे त्यांच्या मोठेपणाला शोभून दिसले. पण विचार करा, वुल्फ टोन प्रॉटेस्टंट, पार्नेल प्रॉटेस्टंट, हाइड प्रॉटेस्टंट. आणि त्यांच्या जातभाईंना त्याच भूमीत पाहुण्यासारखे जगावे लागले.

असो. आता पडझडीकडे वळू. ती दोन टप्प्यांनी आली, आणि पहिला टप्पा इतका निःशब्द होता की कोणाच्या ध्यानातही आला नाही. १९६१ च्या शेवटच्या रात्री दूरदर्शन सुरू झाले आणि ज्या गोष्टी कबुलीच्या खोलीत कुजबुजायच्या, त्या दिवाणखान्यात बोलल्या जाऊ लागल्या. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७१ साली काही धीट स्त्रिया आगगाडीने बेलफास्टला गेल्या, तिथे संततिनियमनाची साधने विकत घेतली आणि डब्लिनच्या स्थानकावर जकातवाल्यांपुढे ती उघडपणे नाचवीत बाहेर पडल्या. त्यांना अटक करण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही. १९७२ साली सार्वमताने चर्चचे 'विशेष स्थान' घटनेतून गेले. १९७३ साली देश युरोपीय समूहात शिरला. आता आयरिश माणसाला 'मी इंग्रज नाही' एवढे सांगून भागेना, आणि ते सांगण्याची निकडही उरली नाही. ज्या गरजेपायी बाके भरली होती, ती गरजच हलके हलके विरत होती. पण सवय टिकून होती. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा फीनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक लोक लोटले. पाहणाऱ्याला वाटले, श्रद्धेचा हा कळस आहे. आज मागे वळून पाहताना तो निरोपसमारंभ होता असे दिसते.

दुसरा टप्पा वादळाचा. गॉलवेच्या घोडदौडीच्या मैदानावर तरुणांच्या मेळाव्यात पोपच्या आधी जमावाला गाण्यांनी रिझवणाऱ्यांत तिथले लोकप्रिय बिशप एमन केसी होते. १९९२ साली उघडकीस आले की त्या वेळीच त्यांना एक मुलगा होता आणि त्याच्या आईला चर्चच्या पैशातून रक्कम दिली गेली होती. ही तर नुसती सुरुवात ठरली. पुढे जे बाहेर आले त्यापुढे बिशप महाशयांचे प्रेमप्रकरण म्हणजे किरकोळ बाब वाटावी. मुलांवर अत्याचार करणारे धर्मगुरू एका गावातून दुसऱ्या गावात बदलून पाठवले गेले, पोलिसांना कळवले गेले नाही. २००९ साली दोन सरकारी अहवाल प्रसिद्ध झाले. एकात अनाथ आणि गरीब मुलांच्या निवासी शाळांतील क्रौर्याची नोंद आहे, दुसऱ्यात डब्लिनच्या धर्मप्रांताने केलेल्या लपवालपवीची. 'वाट चुकलेल्या' म्हणून शिक्का मारलेल्या स्त्रियांना कोंडून त्यांच्याकडून फुकट कपडे धुऊन घेणारी माग्दालेन धुलाईगृहे होती. त्यांतले शेवटचे बंद झाले ते १९९६ साली. गॉलवे परगण्यातल्या टुअम गावी अविवाहित मातांसाठी एक आश्रम होता. तिथे १९२५ ते १९६१ या काळात ७९६ बालके दगावली. कॅथरिन कॉर्लेस या गावच्या इतिहास-अभ्यासक बाईंनी स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून एकेका बालकाचा मृत्युदाखला मिळवला, तेव्हा २०१४ साली जगाला कळले की या बालकांच्या दफनाची नोंदच सापडत नाही. त्या जागेचे उत्खनन सुरू व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

इथे एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. या पापात चर्च एकटे नव्हते. कोवळ्या मुलींना त्या आश्रमांच्या दारात नेऊन सोडणारे त्यांचे आईबाप होते. धुलाईगृहांना कामे देणाऱ्यांत सरकारी खातीही होती. २०१३ साली पंतप्रधान एंडा केनी यांनी त्या स्त्रियांची राज्याच्या वतीने माफी मागितली, ती याच जाणिवेने. आपल्या राष्ट्राची ओळख पवित्रतेत आहे असे ठरले, की जे जे अपवित्र ते डोळ्यांआड करावे लागते. धर्म जेव्हा राष्ट्राची अब्रू होतो, तेव्हा त्याच्या मठातला गुन्हा उघड करणे हा राष्ट्रद्रोह ठरतो, आणि मग तिथे गुन्हा सुखाने नांदतो. कोणत्याही देशातल्या कोणत्याही धर्माला हे लागू आहे.

आणि आता ज्या घटनेने हा विषय आम्हांला दूरचा राहिला नाही, ती सांगतो. लोकमान्यांनी जिथे आयरिश नावाची लीग स्थापन केली, त्याच बेळगावची एक मुलगी, सविता हलप्पनवार, दंतवैद्य होऊन गॉलवेत संसार करीत होती. वय एकतीस. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. तिने आणि तिच्या पतीने गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने ते करता येत नाही, असे उत्तर मिळाले. हा कॅथॉलिक देश आहे, असेही तिला सांगण्यात आले, आणि तशा अर्थाचे बोलल्याचे पुढे मृत्यूच्या चौकशीत एका परिचारिकेने मान्य केले. रक्तात विष पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. ध्यानात घ्या, ते इस्पितळ चर्चचे नव्हते, सरकारी होते. तिच्या खाटेपाशी कोणी धर्मगुरू उभा नव्हता. उभे होते ते १९८३ साली सार्वमताने घटनेत घातलेले कलम. ती हिंदू होती, परदेशी होती. पण राष्ट्राची ओळख म्हणून जो धर्म कायद्यात शिरला, त्याने तिला विचारले नाही की, बाई, तू कोणाची?

पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. हजारो आयरिश स्त्रीपुरुष मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. २०१५ साली ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. २०१८ साली ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ते १९८३ चे कलम काढून टाकण्यात आले. १९८६ साली घटस्फोट नाकारणारा आणि १९९५ साली जेमतेम नऊ हजार मतांनी तो स्वीकारणारा हाच देश! २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस त्याच फीनिक्स पार्कमध्ये आले. पाच लाखांची व्यवस्था केली होती, आले त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

मग आयर्लंड नास्तिक झाला काय? नाही. शंभरातले ६९ जण अजून स्वतःला कॅथॉलिक म्हणवतात. नऊ-दशांशाच्या जवळपास प्राथमिक शाळांचे पालकत्व अजून चर्चकडे आहे. २०१८ सालच्या कायद्याने कॅथॉलिक प्राथमिक शाळांना बाप्तिस्म्याची अट घालता येईनाशी झाली. तोवर केवळ शाळेच्या जागेसाठी लेकराच्या डोक्यावर पाणी घालून घेणारे आईबाप थोडे नव्हते. निम्म्याहून अधिक लग्ने आज कॅथॉलिक विधीवाचून लागतात. पण माणूस मेला की त्याला बहुधा चर्चमध्येच नेतात. आणि नभोवाणीवर बारा आणि सहाच्या घंटा अजून वाजतात. त्या ऐकून गुडघे टेकणारे विरळ. त्या बंद करा म्हटले तर चटकन 'बरे' म्हणणारेही फारसे नाहीत. म्हणजे नाव उरले, विधी उरले, नाद उरला. जाणे-येणे थांबले.

यात गमावले काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. रविवारी गाव एकत्र येत असे. चर्चच्या दारात पिकांच्या, आजारपणाच्या, लग्नांच्या वार्ता कळत. ज्यांचे कोणी नाही अशा म्हाताऱ्यांची कोणीतरी चौकशी करी. ज्या वर्गात फी भरायची ऐपत नव्हती त्याला शिकवले ते बहुतांशी भगिनींनी आणि ब्रदरांनी, आणि त्यांतले पुष्कळसे मनाने निर्मळ होते. आमच्या शेजारी बसलेल्या त्या वृद्ध बाईंनी कोणाचा छळ केला नव्हता. त्यांच्या वाट्याला मात्र रिकामे बाक आले. इतरांनी केलेल्या अपराधाची भरपाई बहुधा अशीच निरपराध भाविकांकडून वसूल होते.

पण त्या रविवारी आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. जे साठ-सत्तर जण आले होते, त्यांना कोणी यायला लावले नव्हते. न आले असते तर शेजाऱ्याने भुवई उंचावली नसती, धंद्यात तोटा झाला नसता, देशद्रोही कोणी म्हटले नसते. ते आले होते ते देवासाठी. त्या केरळच्या परिचारिकेला आयर्लंडची राष्ट्रीय ओळख सिद्ध करायची नव्हती. एके काळी आयर्लंडातून लोरेटोच्या भगिनी कलकत्त्याला शिकवायला येत, आणि मदर तेरेसा भारतात येण्यापूर्वी इंग्रजी शिकल्या त्या डब्लिनजवळच्या रॅथफार्नमला. आज ओघ उलटा वाहतो आहे. डब्लिनचे माजी आर्चबिशप डायरमिड मार्टिन यांनी २०१५ च्या सार्वमतानंतर आपल्याच चर्चला वास्तवाकडे डोळे उघडून पाहण्यास सांगितले होते. आम्हांला ते बोलणे पराभवाचे वाटले नाही. ओझे उतरलेल्या माणसाचे वाटले.

आणि आपल्याकडे पाहा. वसईचा ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून प्रार्थना करतो. त्याचा धर्म हा कधीच या राष्ट्राचा शिक्का नव्हता. उलट आपण या मातीचे आहोत हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ते आपल्या कवितेने सांगितले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले तेव्हा काहींनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखवले. महाराष्ट्राने त्यांची मराठी ऐकली. टिळक आणि दिब्रिटो यांचा धर्म राज्याच्या आधारावाचून उभा राहिला, त्याला पाय होते म्हणून. ज्याला कधी कोणाच्या खांद्यावर बसायला मिळाले नाही, त्याला चालता येते.

तेव्हा आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर एवढेच. देवळांपुढच्या रांगा लांब झाल्या म्हणून धर्म बळावला, असे समजू नये, आणि चर्चे रिकामी झाली म्हणून तो मेला, असेही समजू नये. रांगेत उभा असलेला माणूस देवाला भेटायला आला आहे की आपण कोण आहोत हे शेजाऱ्याला दाखवायला आला आहे, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आयर्लंडाने हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला नाही. शेवटी तो इतिहासाने विचारला, आणि इतिहास विचारतो तेव्हा उत्तराला सवड देत नाही. ज्यांना धर्म प्रिय आहे त्यांनीच राष्ट्राला सांगितले पाहिजे की, आमच्या देवाला तुझा झेंडा करू नकोस. झेंड्याचा रंग बदलण्याची वेळ येते तेव्हा लोक कापड टाकून देतात.